विषय : बोका परत घेण्याबाबत

बोका आणायचा निर्णय आमच्या घरात एकमताने झाला, असं आमची लेक अजून सगळ्यांना सांगते. त्या बैठकीला मी हजर होतो, पण माझं मत कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. लेक फोनवर होती, तिची आई स्वयंपाकघरात होती आणि मी मधल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. ‘बाबांची काही हरकत नाही ना?’ असं लेकीनं विचारलं. बायकोनं दारातून डोकावून माझ्याकडे पाहिलं आणि ‘नाही, ते वाचतायत’ असं उत्तर दिलं. आमच्याकडे एकमत असंच होतं.

लेकीचं म्हणणं असं होतं, की ती दूरच्या शहरात नोकरीला गेल्यापासून आणि मी निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं घरात एकमेकांशी बोलतच नाही. हा आरोप मी साफ फेटाळला. आम्ही रोज बोलत होतो. सकाळी ‘गोळी घेतली का’, दुपारी ‘कडी लावली का’ आणि संध्याकाळी पुन्हा ‘गोळी घेतली का’. छत्तीस वर्षं संसार झालेल्या माणसांनी आणखी काय बोलायचं असतं, हे लेकीनं सांगितलं नाही. तिनं बेवारस जनावरं सांभाळणाऱ्या एका संस्थेचा पत्ता पाठवला आणि शनिवारी सकाळी दहाची वेळही घेऊन टाकली.

संस्थेत गेल्या गेल्या तिथल्या बाईंनी माझ्या हातात नऊ पानी फॉर्म दिला, आणि मला एकदम बरं वाटलं. मी चौतीस वर्षं एका कचेरीच्या दप्तर शाखेत काढली आहेत. माणसं मला कळतात असा माझा दावा नाही, पण फॉर्म कळतो. पाचव्या पानापर्यंत मी एकही खाडाखोड केली नव्हती. सहाव्या पानावर प्रश्न होता : ‘आपल्या पश्चात मांजराची जबाबदारी कोण घेईल?’ मांजर अजून पाहिलंही नव्हतं, आणि संस्थेनं मला उचलून बाजूलाही ठेवलं होतं. मी लेकीचं नाव लिहिलं. एकमत तिनंच घडवून आणलं होतं.

मला एखादं पिल्लू चालेल, असं मी औदार्यानं म्हणालो. बाईंनी चष्म्याच्या वरून पाहिलं.

‘साठच्या पुढच्यांना आम्ही पिल्लू देत नाही, काका. आठ वर्षांच्या वरचं मांजर देतो.’

‘असं का?’

‘पिल्लू वीस-वीस वर्षं जगतं.’

पुढचं वाक्य त्यांनी सभ्यपणे गिळलं. बायकोनं ते ऐकून मान डोलावली. तिला हा नियम पटल्यासारखा दिसला.

अशा रीतीनं आम्हाला एक नऊ वर्षांचा बोका मिळाला. उजवा कान फाटलेला, रंग जुन्या पायपुसण्याचा, आणि चेहऱ्यावर भाव असा की निवड तोच करतो आहे आणि आम्ही काही फारसे पसंत पडलेलो नाही. आधी एका कुटुंबानं त्याला नेऊन परत केलं होतं. ‘नव्वद दिवसांची मुदत असते,’ बाई म्हणाल्या. ‘नाहीच जमलं तर लेखी कळवा. तोंडी चालत नाही.’ एवढं एक वाक्य सोडलं तर त्या दिवशी माझ्या मनासारखं काही झालं नाही.

पहिले तीन दिवस बोका कपाटाखाली होता. बायको दर तासाला जमिनीवर आडवी होऊन त्याच्याशी बोलायची. तिच्या गुडघ्यांना खाली बसणं वर्ज्य आहे, असं मला दहा वर्षं सांगण्यात येत होतं, आणि त्यामुळे कपाटाखाली गेलेली माझी चप्पल मीच काढत आलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी बोका बाहेर आला, सगळ्या खोल्यांमधून एक फेरी मारली आणि खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसला. घरात बसायच्या बारा जागा आहेत. मी मोजल्या आहेत. त्यांतली एकच माझी आहे.

‘बसले बघा साहेब,’ बायको म्हणाली.

हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. चौतीस वर्षं मी साहेब आत आले की उठून उभा राहत होतो. निवृत्तीच्या समारंभात मी हळूच मनाशी म्हटलं होतं, की आता या जन्मी साहेब नाही. आणि आता साठी ओलांडल्यावर माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत, शेपटीवाला साहेब बसला होता आणि मी वर्तमानपत्र हातात धरून उभा होतो.

आमच्या वरच्या मजल्यावर दातांचे एक डॉक्टर राहतात. त्यांचा दवाखाना बंद झाल्यापासून ते इमारतीचे सचिव आहेत आणि लोकांच्या तोंडात बोटं घालता येत नाहीत म्हणून त्यांच्या घरात घालतात. मांजर त्यांनी कधी पाळलेलं नाही. त्यामुळे त्यांचा सल्ला अतिशय ठाम असतो.

‘संत्र्याची सालं,’ ते म्हणाले. ‘मांजराला वास सहन होत नाही. खुर्चीत पसरून ठेवा. दोन दिवसांत विसरेल खुर्ची.’

मी सालं पसरली. बोका आला, हुंगलं, आणि माझ्या पलंगावर जाऊन झोपला. दोन दिवसांत विसरलो तो मीच, तेही सालं. तिसऱ्या दिवशी फोन वाजला म्हणून घाईनं जाऊन बसलो तो थेट सालांवर. पँटला डाग पडला, तो धुऊनही गेला नाही. वास मात्र मला आला नाही, असं बायकोला सांगितल्यावर ती म्हणाली, ‘साहेबांना येतो. तुम्ही जवळ गेलात की ते उठून जातात.’ पुढचे चार दिवस बोका मी आहे त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हता. म्हणजे उपाय लागू पडला होता, फक्त खुर्चीऐवजी मला.

डॉक्टर एवढ्यावर थांबले नाहीत. सचिव या नात्यानं त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. इमारतीत जनावर ठेवायचं तर बाकीच्या आठही बिऱ्हाडांची लेखी ‘ना हरकत’ हवी. त्यांनी स्वतः सही केली नाही, कारण सचिवाची सही सर्वांत शेवटी असते. मी काखेत फाईल मारून जिना चढउतार सुरू केला. सहा सह्या मिळाल्या. सातव्या, तळमजल्यावरच्या काकू अडून बसल्या.

‘सही करते की,’ काकू म्हणाल्या. ‘पण माझ्या स्वयंपाकघरात उंदीर झालाय. तुमच्या बोक्याला दोन दिवस पाठवा. धरला तर सही.’

माझ्या कारकिर्दीत सह्यांसाठी लोकांनी माझ्याकडून बरंच काही करून घेतलं आहे, पण कर्मचारी उसना मागितला नव्हता. तरी बोक्याची रवानगी केली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकू त्याला स्वतः वर घेऊन आल्या. दोन दिवस तो त्यांच्या पलंगावर झोपला होता. त्यांनी आणलेला मासा त्यानं खाल्ला. वाटीत उरलेलं दूध उंदीर येऊन प्यायला, तेव्हा बोक्यानं एक डोळा उघडून बघितलं आणि पुन्हा मिटला. काकूंनी सही केली आणि सहीखाली लिहिलं, ‘निरुपद्रवी. उंदरालाही.’ मग डॉक्टरांची शेवटची सही झाली, आणि हा शेरा अजून इमारतीच्या दप्तरात आहे.

इथपर्यंत मी सहन केलं. पण पुढचा प्रकार गोळ्यांचा झाला.

आमच्याकडे औषधांचा एक चपटा डबा आहे, वारांप्रमाणे सात कप्प्यांचा. जनावरांच्या डॉक्टरनं बोक्याला जंतांची अर्धी अर्धी गोळी सांगितली, ती विसरू नये म्हणून बायकोनं त्याच डब्यात ठेवली. ‘तुमच्या गोळ्या डाव्या बाजूला, साहेबांच्या उजव्या बाजूला,’ असं तिनं मला सांगितलं होतं म्हणे. डबा कुठून बघायचा ते सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी मी बोक्याची अर्धी गोळी घेतली. पाण्याचा घोट घेतल्यावर ती कडू लागली, तेव्हा कळलं.

बायकोनं आमच्या नेहमीच्या, माणसांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी माझं वजन विचारलं, बोक्याचं विचारलं, आणि थोडा वेळ आवाज आला नाही. त्यांनी फोनवर हात ठेवला असावा. मग म्हणाले, ‘काही होणार नाही. मांजराच्या मापाची आहे.’ बायकोनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि लगेच चिंतेनं विचारलं, ‘पण मग साहेबांचा आजचा डोस चुकला ना? त्यांना काही होणार नाही ना?’

त्याच दुपारी मी टेबलाशी बसून अर्ज लिहिला. विषय : बोका परत घेण्याबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून. एकूण मुद्दे अकरा. तीन प्रती. खरं सांगतो, दोन वर्षांत इतकं ताजंतवानं मला वाटलं नव्हतं. लिहिताना राग कुठल्या कुठे गेला, पण अर्ज पूर्ण झालेला होता, आणि पूर्ण झालेला अर्ज न पाठवणं माझ्या हाडात नाही.

आता इथे माझी एक सवय सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिनंच केला. कुठल्याही कचेरीत पहिल्या अर्जावर काही होत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही. अशा अर्जांच्या गठ्ठ्यावर डबा ठेवून मी चौतीस वर्षं जेवलो आहे. म्हणून मी अर्ज लिहिला, की त्याच बैठकीत स्मरणपत्र एक आणि स्मरणपत्र दोन लिहून, पाकिटं बंद करून, तिकिटं लावून, मागच्या बाजूला पेन्सिलनं टाकायची तारीख घालून ठेवतो. एक दहा दिवसांनी, दुसरं वीस दिवसांनी. मूळ अर्ज मी स्वतः टपालपेटीत टाकला. दोन्ही पाकिटं दाराजवळच्या फळीवर ठेवली आणि विसरून गेलो.

विसरलो, कारण घरात हळूहळू काहीतरी वेगळं व्हायला लागलं. नेमकं कधी ते सांगता येणार नाही. मी बाहेरून आलो की बायको सांगायला लागली, की साहेबांनी आज नळाकडे बघत अर्धा तास काढला. ती आंघोळीहून आली की मी सांगायला लागलो, की तू आत गेल्यावर ते दाराशी बसले होते. त्यांना खिडकी आवडते की खिडकीबाहेरचं कबूतर, यावर आमचं तीन दिवस भांडण चाललं. छान, सविस्तर भांडण. लेकीचा फोन आला, तर दोघांनी एकदम बोलून तिला काही कळू दिलं नाही.

एका दुपारी साहेब फ्रीजवर चढले. ते नऊ वर्षांचे आहेत याचा त्यांना अधूनमधून विसर पडतो. वरून त्यांनी ऐटीत आम्हा दोघांना पाहिलं, शेपूट फिरवली, आणि शेपटीबरोबर स्वतःही खाली आले, ते धुवायच्या कपड्यांच्या टोपलीत. टोपलीतून माझी बनियन डोक्यावर घेऊन निघाले आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढच्या खोलीत गेले. बायको हसायला लागली. ती ओट्याला धरून हसली, मग स्टुलावर बसून हसली, मग गॅसवरची भाजी करपली तरी हसत राहिली. लेक गेल्यापासून मी ते हसणं ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं नव्हतं हेही मला तेव्हाच कळलं. मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी टोपली मुद्दाम त्याच जागी नेऊन ठेवली आणि साहेबांना उचलून फ्रीजवर बसवलं. ते पडले नाहीत. मला ओरखडून उतरले.

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता दाराशी संस्थेची गाडी उभी राहिली. बाई आत आल्या. एका हातात जाळीचा पिंजरा, दुसऱ्या हातात फाईल.

‘उशीर झाला, माफ करा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या अर्जावर आम्ही महिन्याच्या शेवटी येणार होतो. पण तुमची लागोपाठ दोन स्मरणपत्रं आली, म्हणून तातडीचं धरलं.’

‘कसला अर्ज?’ बायकोनं हात पुसत विचारलं.

बाईंनी फाईल उघडून तिच्यापुढे धरली. माझं अक्षर सुरेख आहे, असं सगळे म्हणतात. लांबूनही वाचता येतं.

बायकोनं अर्ज पाहिला, मग पहिलं स्मरणपत्र पाहिलं, मग दुसरं. ‘ही पाकिटं फळीवरची ना?’ ती म्हणाली. ‘पेन्सिलनं तारीख घातलेली. संस्थेचा पत्ता बघून वाटलं, साहेबांची खबर कळवत असाल. तुमचं काही राहून जायला नको म्हणून फिरायला जाताना मीच टाकली पेटीत. बरोबर त्या त्या तारखेला.’

चौतीस वर्षांत माझ्या एकाही कागदावर इतकी वेळेवर कार्यवाही झाली नव्हती.

मी काहीतरी बोललो. तो जुना अर्ज आहे, रागाच्या भरात लिहिला होता, असं काहीसं. बायको खुर्चीपाशी गेली, साहेबांना उचललं, मांडीवर घेतलं आणि बसून राहिली. ती चिडली असती तर मी निभावून नेलं असतं, चिडलेल्या बायकोचा मला अनुभव आहे. पण ती गप्प बसली. ते गप्प बसणं माझ्या ओळखीचं होतं. दोन वर्षं ते या घरात होतं. मला भीती वाटली, आणि भीती वाटली हे सांगायला मला आता लाज वाटत नाही.

‘याला परत नेल्यावर काय होईल?’ मी बाईंना विचारलं.

‘राहील आमच्याकडे. एकदा परत आलेलं मांजर तरी कोणी नेतं. दोनदा परत आलेलं, त्यात नऊ वर्षांचं, नाही नेत कोणी. पण तो तुमचा प्रश्न नाही, काका.’

‘अर्ज मागे घेता येईल?’

हा प्रश्न कचेरीतल्या माझ्या खिडकीपाशी येऊन शेकडो लोकांनी मला विचारला आहे. घामेजलेल्या चेहऱ्यांनी, हात जोडून विचारला आहे. मी प्रत्येकाला, मान वर न करता, एकच उत्तर दिलं आहे. बाईंनी मान वर केली, हा त्यांचा चांगुलपणा.

‘येतो,’ त्या म्हणाल्या. ‘पण तुम्ही अकरा मुद्दे दिलेत. अकराही मुद्द्यांचं लेखी निरसन द्यावं लागेल. आणि त्याखाली घरातल्या दुसऱ्या सज्ञान माणसाचा शेरा. त्याशिवाय मला रिकामा पिंजरा परत नेता येणार नाही.’

मी टेबलाशी बसलो. माझ्याच विरुद्ध मी इतकं कसून काम कधी केलं नव्हतं.

‘मुद्दा १. बोका अर्जदाराच्या खुर्चीत बसतो. निरसन : अर्जदार सेवानिवृत्त असल्याने त्यास खुर्ची अनुज्ञेय नाही.

मुद्दा ३. वर्तमानपत्र वाचू देत नाही. निरसन : बातम्या पाहता त्याचे बरोबर आहे.

मुद्दा ५. उंदीर धरीत नाही. निरसन : अर्जदारानेही आजवर धरलेला नाही.

मुद्दा ८. बोक्याची गोळी अर्जदारास घ्यावी लागली. निरसन : चूक अर्जदाराची. जंतांबाबत तेव्हापासून तक्रार नाही.’

बाई शेजारी उभं राहून एकेक मुद्दा मोठ्यानं वाचत होत्या. ही त्यांची कामाची पद्धत असावी, पण ती पद्धत अमानुष आहे. दहा मुद्दे झाले. मग त्यांनी अकरावा वाचला.

‘मुद्दा अकरा. पत्नी अर्जदाराशी बोलत नाही, बोक्याशी बोलते.’

मी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं. खोटं लिहिता आलं असतं, पण कागदावर खोटं लिहायची मला सवय नाही. शेवटी लिहिलं :

‘निरसन : बोका येण्यापूर्वी पत्नी कोणाशीच बोलत नव्हती. अर्जदारही बोलत नव्हता. आता ती बोक्याशी बोलते, आणि बोक्याबद्दल अर्जदाराशी बोलते. अर्जदाराला तेवढे पुरते. बोका नेल्यास तेही बंद होईल, अशी अर्जदारास भीती वाटते.’

हे मात्र बाईंनी मोठ्यानं वाचलं नाही. त्यांनी कागद बायकोच्या हातात दिला.

बायकोनं चष्मा मागितला. मी धावत जाऊन आणला. तिनं मुद्दा एकपासून वाचायला सुरुवात केली. मला शिक्षा करायची असली की ती सावकाश वाचते. बाईंनी एकदा घड्याळ पाहिलं. दार उघडंच होतं, त्यात वरचे डॉक्टर येऊन उभे राहिले आणि ‘पिंजऱ्यात घालताना मान मागून धरायची,’ असा सल्ला देऊन बायकोच्या एका नजरेनं परत गेले. अकराव्या मुद्द्याशी ती बराच वेळ थांबली. मग पेन घेतलं, साहेबांच्या पाठीवर कागद टेकवून दोन ओळी लिहिल्या, सही केली आणि कागद मला न दाखवता बाईंना दिला.

बाईंनी तो वाचला, ओठ घट्ट मिटले आणि फाईलमध्ये लावला. पिंजरा उचलून त्या दाराकडे निघाल्या.

‘शेरा काय आहे?’ मी विचारलं. न वाचता कागद फाईलला लागलेला मला पाहवत नाही.

त्यांनी फाईल उघडून माझ्यासमोर धरली. ‘बोक्याबद्दल काही तक्रार नाही,’ असं लिहिलं होतं. ‘अर्जदाराबद्दल स्वतंत्र अर्ज करीन.’

या गोष्टीला आठ महिने झाले. साहेब खुर्चीत असतात, मी स्टुलावर. बायकोचा अर्ज अजून आलेला नाही. मी रोज संध्याकाळी चहाच्या वेळी तिला विचारतो, झाला का लिहून. ती साहेबांच्या कानामागे खाजवत राहते, माझ्याकडे बघतही नाही.

‘मुद्दे अजून जमतायत,’ म्हणते.